बैठक, महोत्सव की सप्रयोग व्याख्यान? लहान संगीत मंडळाने वर्षाचे कार्यक्रम ठरवताना

लहान शहरातल्या संगीत मंडळाची वार्षिक सभा बहुधा एकाच मुद्द्यावर अडते. सभासदांची यादी तीच असते, यादीतल्यांचे वय वाढत जाते आणि पुढच्या रांगेतल्या एक-दोन खुर्च्या दर हंगामात कायमच्या रिकाम्या होतात. मग कोणीतरी सुचवतो की आता काळाप्रमाणे बदलले पाहिजे. कार्यक्रम आटोपशीर करावेत, सूत्रबद्ध निवेदन ठेवावे, एखादे फ्यूजन घ्यावे, निदान थेट प्रक्षेपण तरी करावे. त्यावर दुसऱ्याचे म्हणणे असते की संगीत आहे तसेच ऐकवायचे, ज्यांना गोडी आहे ते येतील. मी अशा एका मंडळाच्या कार्यकारिणीत बरीच वर्षे आहे आणि या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने भांडलेलो आहे. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत नव्या श्रोत्यापर्यंत नेण्याच्या ज्या वाटा आज प्रत्यक्ष वापरात आहेत त्या येथे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. हा आढावा मोठ्या संस्थांसाठी नाही. ज्यांच्याकडे वर्षाला पाच-सहा कार्यक्रमांचे बळ आहे, पगारी माणूस एकही नाही आणि ज्यांचा एक कार्यक्रम तोट्यात गेला तर पुढचा रद्द करावा लागतो, अशांसाठी तो आहे.

तुलना करायची तर कसोटी आधी ठरली पाहिजे. सभागृह भरले की कार्यक्रम यशस्वी, हा हिशेब सोपा आहे, पण तो फसवा आहे, कारण नामवंत कलाकार आला की सभागृह भरतेच आणि पुढच्या महिन्यात तेच सभागृह ओस पडते. आमच्याकडे दाराशी एक वही असते. येणाऱ्याने त्यात फक्त नाव लिहायचे. एखादे अनोळखी नाव पहिल्यांदा दिसले याचा मला आता फारसा आनंद होत नाही. तेच नाव कोणीही फोन न करता तिसऱ्यांदा दिसले, तर त्या श्रोत्याला काहीतरी सापडले असे मी समजतो. म्हणून पुढे प्रत्येक वाटेला मी मुख्यतः हाच प्रश्न विचारला आहे: त्या कार्यक्रमातून बाहेर पडलेल्या माणसाला पुढच्या वेळी काय ऐकायचे ते कळलेले असते का? खर्च आणि मनुष्यबळ या गोष्टी अर्थातच येतात, पण त्यानंतर.

वेळेचे गणित

बहुतेक वाद वेळेवरून होतात, म्हणून एकदा घड्याळ लावून पाहणे उपयोगाचे ठरेल. विलंबित (संथ लयीतल्या) एकतालाच्या एका आवर्तनात, म्हणजे फेरीत, १२ मात्रा (ठोके) असतात. एक मात्रा ४ सेकंदांची धरली तर एक आवर्तन ४८ सेकंदांचे होते. बड्या ख्यालाला, म्हणजे रागाच्या संथ आणि विस्ताराने गायच्या भागाला, ४५ मिनिटे मिळाली तर गायकाच्या हाती साधारण ५६ आवर्तने येतात आणि तेवढ्यात मंद्रापासून (खालच्या सप्तकापासून) तार षड्जापर्यंतची (वरच्या सा-पर्यंतची) बढत, म्हणजे रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार, शब्द घेऊन केलेले बोलआलाप आणि बोलताना, आणि ताना यांना आपापली जागा मिळते. हेच २० मिनिटांवर आणले तर २५ आवर्तने उरतात, म्हणजे एका स्वराभोवती थांबण्याची चैन परवडत नाही.

एका वर्षी आम्ही तीन तासांत चार कलाकार बसवले होते. 'सगळ्यांना थोडे थोडे' हे धोरण कागदावर फार छान दिसत होते. प्रत्यक्षात दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार आणि आभार यांत २५ मिनिटे गेली, मंच बदलण्यात आणि ध्वनियंत्रणा जुळवण्यात तेवढीच आणखी गेली, आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ३२ मिनिटे आली. दुसऱ्या क्रमांकावर बसलेल्या गायिकेने पूरिया घेतला. पूरिया हा मंद्र सप्तकात रमणारा राग. तिचा मंद्र निषाद नुकता कुठे लागला होता, तानपुऱ्याशी मिळून तो खोलीभर पसरायला लागला होता, आणि तेवढ्यात 'पाच मिनिटे' अशी चिठ्ठी मंचावर गेली. ती चिठ्ठी माझ्या हातची होती. तिने मान हलवली, घाईने तार षड्ज गाठला, द्रुत बंदिशीच्या (जलद लयीतल्या रचनेच्या) चार ताना घेतल्या आणि नमस्कार केला. टाळ्या पडल्या. त्या दिवशी प्रथमच आलेल्या श्रोत्यांनी पूरियाची फक्त घाई ऐकली.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की नव्या श्रोत्यासाठी वेळ वाचवायचाच असेल तर तो गाण्यातून वाचवू नये. वाचवण्याजोगी मिनिटे कार्यक्रमात इतरत्र भरपूर असतात. 'तरुणांना लांब ऐकवत नाही' हे विधान तर मी आता सावधपणे ऐकतो, कारण आमच्याकडे मध्यंतरात उठून जाणाऱ्यांत शेवटची एसटी गाठणारे ज्येष्ठ सभासदच अधिक असतात.

महोत्सव

महोत्सव म्हटले की सर्वांच्या डोळ्यांसमोर पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव येतो. आपले गुरू सवाई गंधर्व, म्हणजेच रामभाऊ कुंदगोळकर, यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनी तो १९५३ साली सुरू केला आणि भीमसेनजींच्या निधनानंतर त्याला 'सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव' असे नाव मिळाले. हजारोंच्या संख्येने लोक ख्याल ऐकायला बसतात, एरवी रागाचे नाव सांगू न शकणारे लोकही येतात, आणि त्या गर्दीतून दरवर्षी काही जण कायमचे श्रोते होतात, हे नाकारता येणार नाही. नवोदित कलाकाराला मोठ्या मंचावर ऐकले जाण्याची संधीही तेथे मिळते.

मात्र लहान मंडळाने यातून उचलायची गोष्ट म्हणजे मंडप आणि रोषणाई असा समज करून घेतला की घोटाळा होतो. त्या महोत्सवामागे सत्तर वर्षांची सवय आहे. डिसेंबर आला की तेथे जायचे, हे अनेक घरांत दिवाळीच्या फराळाइतके ठरलेले असते. ती सवय दोन-तीन वर्षांत विकत घेता येत नाही. खर्चाचा मोठा वाटा मंडप, ध्वनी, परवाने आणि प्रवास यांवर जातो, प्रायोजक मिळवण्यासाठी नामवंतांचीच नावे लागतात, आणि वर्षभराचे बळ दोन दिवसांत संपते. त्यानंतरचे अकरा महिने नव्या श्रोत्याला काय द्यायचे याचे उत्तर कोणाकडेच नसते. ज्या शहरात आधीपासून महिन्याला एखादी मैफल होते तेथे महोत्सव हे वर्षाचे शिखर ठरू शकते. जेथे काहीच नाही तेथे तो एका दिवसाची जत्रा होऊन राहतो.

संकल्पनाधारित कार्यक्रम

हा प्रकार सध्या सर्वाधिक सुचवला जातो आणि 'आजकालचे फॅड' म्हणून सर्वाधिक झिडकारलाही जातो. झिडकारणाऱ्यांनी कुमार गंधर्वांची आठवण ठेवावी. 'गीत वर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत' असे ऋतूंवर बेतलेले कार्यक्रम त्यांनी केले; 'मला उमजलेले बालगंधर्व' हाही त्यांचाच. ख्यालाच्या व्यासंगाबद्दल कोणाला शंका घेता येणार नाही अशा गायकाने सूत्र धरून मैफल बांधली, तेव्हा मैफल सौम्य झाली नाही. त्या कार्यक्रमांतले सूत्र त्यांच्या गाण्यातून, माळव्यातल्या लोकगीतांच्या अभ्यासातून आणि स्वतः रचलेल्या बंदिशींतून आले होते; ते बाहेरून चिकटवलेले नव्हते.

बाहेरून चिकटवलेले सूत्र कसे ओळखावे? निवेदकाची संहिता गायकाच्या यादीआधी तयार असेल तर शंका घ्यावी. 'पाऊस' असा विषय ठरतो, मग मल्हाराचे पाच प्रकार प्रत्येकी आठ मिनिटे घेतले जातात, मधल्या जागा कवितांनी भरल्या जातात, आणि श्रोता घरी जातो तेव्हा त्याला मियाँ मल्हार आणि गौड मल्हार यांतला फरक ऐकू आलेला नसतो, कारण फरक ऐकू यायला लागणारा सहवासच त्याला मिळालेला नसतो. उलट मियाँ मल्हार पाऊण तास आणि गौड मल्हार अर्धा तास, एवढेच ठेवून निवेदकाला चार वाक्यांत आवरले, तर तोच विषय खरा होतो.

महाराष्ट्रात या वाटेला एक विशेष सोय आहे, ती नाट्यसंगीत आणि अभंगाची. संगीत रंगभूमीने रागसंगीत घराघरांत नेले. बालगंधर्वांच्या काळात ज्यांनी कधी बैठक पाहिली नव्हती त्यांनाही नाट्यपदांतून राग पाठ झाले होते, फक्त त्यांना ते राग आहेत हे ठाऊक नव्हते. आजही एखादी बंदिश आणि तिच्या चालीवर बेतलेले नाट्यपद लागोपाठ ऐकवले की सभागृहात जी हालचाल होते ती पाहण्यासारखी असते. एका भीतीची नोंद मात्र करायला हवी. भीमसेनजींच्या अभंगवाणीने मोठा श्रोतृवर्ग जोडला, पण त्या यशाची नक्कल करताना अनेक ठिकाणी पूर्वार्ध ख्यालाचा आणि उत्तरार्ध अभंगांचा अशी वाटणी रूढ झाली. आमच्या एका सभासदाने मला सरळच विचारले होते, "मध्यंतरानंतर अभंग आहेत ना? मग मी तेव्हाच येतो." ज्या दारातून माणसाने आत यावे म्हणून आपण ते उघडले, त्या दारातच तो खुर्ची टाकून बसला, असा हा प्रकार आहे.

सप्रयोग व्याख्यान

या वाटेचे, म्हणजे गाऊन-वाजवून दाखवत समजावून सांगण्याचे, नाव घेताच अर्धी सभा जांभई देते, आणि तो दोष सभेचा नाही. थाट, जाती, वादी, संवादी, गानसमय अशा व्याख्या ओळीने ऐकवणारी व्याख्याने विशारद या संगीत परीक्षेच्या पेपरची उजळणी वाटतात. पंडित भातखंडे यांनी दहा थाटांत, म्हणजे स्वरांच्या दहा मूळ साच्यांत, रागांची मांडणी केली ती अभ्यासकाला फार उपयोगी आहे, परंतु ज्याने आयुष्यात पहिल्यांदा तानपुरा ऐकला त्याला ती सांगणे म्हणजे भुकेल्याला वाणसामानाची यादी वाचून दाखवणे आहे.

नीट केलेले सप्रयोग व्याख्यान मात्र माझ्या कसोटीवर सर्वांत वर येते. आमच्याकडे एका तरुण गायकाने वीस मिनिटांत फक्त एक गोष्ट केली. त्याने सा, रे, ग, प, ध हे पाच शुद्ध स्वर गाऊन दाखवले आणि श्रोत्यांकडून म्हणवून घेतले. मग गंधारावर विसावत, खालच्या अंगाने फिरत त्याने भूप गायला. नंतर तेच पाच स्वर घेऊन, धैवतावर जोर देत आणि वरच्या अंगातून उतरत त्याने देशकार गायला. "स्वर बदलले का?" असे त्याने विचारले, तेव्हा निम्म्या सभागृहाने 'हो' म्हटले. त्याने पुन्हा दोन्ही गायले. तिसऱ्या खेपेला एका शाळकरी मुलीने सांगितले की स्वर तेच आहेत, पण दुसऱ्यात गाणे वर राहते. पूर्वांगप्रधान (खालच्या स्वरांत रमणारा) आणि उत्तरांगप्रधान (वरच्या स्वरांत रमणारा) हे शब्द तिला कोणी सांगितले नव्हते. त्यांचा अर्थ तिने ऐकला होता. त्यानंतर त्याने पुढचा सव्वा तास भूप गायला आणि गंधार आला की त्या मुलीची मान हलत होती. याच पद्धतीने मारवा, पूरिया आणि सोहनी हे त्रिकूट घेता येते. तिघांतही ऋषभ कोमल, मध्यम तीव्र आणि पंचम वर्ज्य. तरीही मारव्याची अस्वस्थता, पूरियाचे गांभीर्य आणि सोहनीची चंचलता यांची गल्लत होत नाही, हे ऐकणाऱ्याला स्वतः शोधू द्यावे.

तालाच्या बाबतीत तर याहून कमी पुरते. तीनतालाच्या १६ मात्रा हातावर मोजायला शिकवल्या, खालीला, म्हणजे टाळी न देण्याच्या मात्रेला, हात उलटा करायला सांगितला आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, सर्वांनी मिळून टाळी द्यायची असे ठरवले की दहा मिनिटांत सभागृह तबलजीच्या बाजूचे होते. पुढे गायक तान घेऊन समेवर येतो तेव्हा 'आता येणार' ही उत्कंठा श्रोत्याची स्वतःची असते. जाणकार जी दाद देतात तिचे निम्मे रहस्य या उत्कंठेत आहे आणि ते कोणालाही दहा मिनिटांत देता येते, हे आपण वर्षानुवर्षे का लपवून ठेवले हे मला कळत नाही.

न सांगितल्याने काय होते याचे प्रसिद्ध उदाहरण १९७१ सालचे आहे. न्यू यॉर्कमध्ये बांगलादेशासाठी झालेल्या मदतनिधी मैफलीत रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्ये जुळवली आणि ते जुळवणे संपताच हजारो श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकरांनी ते हसून निभावून नेले. आपल्याकडचे नवे श्रोते सभ्यपणे गप्प बसतात, एवढाच फरक. तानपुरा लावत असताना नेमके काय चालले आहे हे त्यांनाही ठाऊक नसते. जवारीचा, म्हणजे तारेखाली घोडीवर असणारा, दोरा किंचित सरकवला की आवाज कसा फुलतो हे एकदा दाखवून द्यावे, म्हणजे तीच पाच मिनिटे कंटाळ्याची न राहता कार्यक्रमाचा भाग होतात.

खर्चाच्या दृष्टीने ही वाट स्वस्त आहे, कारण कलाकार तोच आणि मंच तोच असतो. अट एकच: बोलायचे ते कलाकाराने किंवा तबलजीने, मंडळाच्या अध्यक्षांनी नव्हे. शाळा-महाविद्यालयांत हा प्रकार विशेष चालतो. डॉ. किरण सेठ यांनी १९७७ साली सुरू केलेल्या स्पिक मॅके या संस्थेने कलाकारांना थेट विद्यार्थ्यांसमोर नेऊन बसवले, आणि लहान मंडळालाही स्थानिक महाविद्यालयाशी बोलून हे करता येते. तेथे सभागृह, सतरंज्या आणि श्रोते तिन्ही आयते मिळतात.

फ्यूजन

याबद्दल थोडक्यात. मला त्याचे सोवळे नाही. आज प्रत्येक गायकाच्या शेजारी असणारी संवादिनी (हार्मोनियम) ही मूळ परदेशी पेटी आहे आणि आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके तिला वर्ज्य मानले होते, हे लक्षात ठेवले की शुद्धतेच्या गप्पा जरा सौम्य होतात. जॉन मॅक्लॉफ्लिन, झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्या 'शक्ती' या गटाने दाखवून दिले की वेगवेगळ्या परंपरांचे कलाकार एकमेकांची भाषा शिकून एकत्र आले तर नवे काही घडते. पण त्यामागे काही वर्षांचा सहवास असतो. लहान मंडळाला जे परवडते ते बहुधा एका दुपारच्या तालमीवर उभे असते: कीबोर्डवर दोन-तीन सुरावटी धरलेल्या, ड्रम्सचा ठेका आणि त्यावर यमनच्या ताना. दरबारीच्या आंदोलित, म्हणजे हलक्या झोक्याने डुलणाऱ्या, कोमल गंधाराला कीबोर्डची एक पट्टी देऊ केली की तो गंधार राहत नाही. अशा कार्यक्रमाला गर्दी होते आणि ती खूशही असते, पण वहीतली ती नावे पुढच्या ख्यालाच्या मैफलीला दिसत नाहीत. ज्यांना फ्यूजन आवडले त्यांना फ्यूजनच आवडले; त्यात त्यांची चूक काही नाही.

थेट प्रक्षेपण आणि चित्रफिती

येथे माझे मत बदलत गेले आहे. सुरुवातीला मला वाटायचे की छोट्या चित्रफिती गाण्याचा चुरा करतात. मग ध्वनिमुद्रणाचा इतिहास आठवला. गौहर जान यांनी १९०२ साली कलकत्त्याला ध्वनिमुद्रण केले तेव्हा तबकडीवर तीन मिनिटांच्या आसपासच जागा होती. पुढे अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी अशाच एका तबकडीवर ऐकून अकरा वर्षांचा भीमसेन गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. केसरबाई केरकरांची भैरवी साडेतीन मिनिटांची आहे आणि १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर ती अंतराळात गेली. तेव्हा तीन मिनिटांत काही होत नाही असे कोणी म्हणू नये.

फरक आहे तो दुसरा. त्या कलाकारांनी तीन मिनिटांचे गाणे तीन मिनिटांसाठी घडवले होते. त्याला आरंभ, बढत आणि शेवट होता. आपण दीड तासाच्या मैफलीतून सर्वांत जलद तानेची चाळीस सेकंदे कापून टाकतो, आणि मग नव्या श्रोत्याची समजूत होते की शास्त्रीय संगीत म्हणजे गळ्याची कसरत. तो मैफलीला येतो तेव्हा पहिली चाळीस मिनिटे त्या कसरतीची वाट पाहत बसतो. म्हणून फीत काढायचीच असेल तर कलाकाराला आधीच सांगून, एक छोटी बंदिश किंवा भूप-देशकारासारखी एक तुलना, तीन-चार मिनिटांची, स्वतंत्र मुद्रित करावी. ती मैफलीच्या आठवडाभर आधी पाठवली तर ती आमंत्रणाचे काम करते.

थेट प्रक्षेपणाचा फायदा परगावी गेलेल्या सभासदांना होतो आणि तो लहान नाही. मात्र गावातला जो माणूस 'जाऊ की नको' अशा कुंपणावर बसलेला असतो तो प्रक्षेपण असेल तर घरीच बसतो, असा आमचा अनुभव आहे. म्हणून आम्ही मुद्रण करतो आणि ते दोन आठवड्यांनी फक्त सभासदांना देतो. कॉपीराइट कायद्याने सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणावर हक्क दिलेले आहेत, त्यामुळे मुख्य कलाकाराबरोबरच साथीदारांचीही लेखी संमती घ्यावी. ध्वनीसाठी मिक्सरमधून थेट जोडणी घ्यावी. फोनच्या माइकवर तानपुरा गुणगुणणाऱ्या पंख्यासारखा ऐकू येतो.

बैठक

सर्वांत जुनी वाट मुद्दाम शेवटी घेतली आहे. पन्नास-साठ माणसे, एक दिवाणखाना किंवा शाळेचा छोटा हॉल, सतरंजी, एकच कलाकार आणि शक्य असेल तर माइक नाही. नव्या श्रोत्याला येथे जे मिळते ते दुसरीकडे मिळत नाही. गायकाने तान घेण्यापूर्वी घेतलेला श्वास ऐकू येतो, तबलजीने डोळ्यांनी 'या' म्हटलेले दिसते, एखादी जागा चुकली तर गायक स्वतःशीच हसतो तेही दिसते. ज्याला रागाचे नाव ठाऊक नाही त्यालाही कोणीतरी आपल्यासमोर काहीतरी घडवत आहे हे कळते.

वेळेचा लाभ तर आणखी मोठा आहे. सभागृहे संध्याकाळी सहा ते नऊ अशी मिळतात. उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावण्यास २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे आणि सवलत वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरती, तीही मध्यरात्रीपर्यंतच असते. परिणामी गेल्या पिढीने रात्रभराच्या मैफलींत जे ऐकले ते आपल्या कानांवरून जवळजवळ गेलेच. वर्षानुवर्षे यमन, पूरिया कल्याण, मारुबिहाग आणि बागेश्री यांच्याच फेऱ्या होतात. रविवारी सकाळी साडेसात वाजता बैठक ठेवली की तोडी, ललित, भैरव, देशकार खुले होतात, दुपारी तीनला ठेवली की भीमपलास आणि मुलतानी. बंद जागेत माइकशिवाय रात्री अकराला मालकंस ऐकायलाही हरकत नसते, शेजाऱ्यांना आधी बोलावून ठेवले म्हणजे झाले.

बैठकीचा दोषही स्पष्ट सांगायला हवा. ती सहज बंदिस्त होते. इतिहासात ती तशी होतीच. दरबार, सरदारांचे वाडे आणि धनिकांचे दिवाणखाने यांच्या आश्रयाने हे संगीत जगले. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि सामान्य माणसासाठी दार उघडले, त्यामागची तळमळ हीच होती. आजही कोणाच्या तरी घरी बैठक आहे म्हटले की अनोळखी माणूस कचरतो. पादत्राणे कोठे काढायची, पुढे बसायचे की मागे, मध्येच 'वाहवा' म्हणायची की नाही, उठून जावेसे वाटले तर काय करायचे, असे प्रश्न त्याला पडतात आणि विचारायची लाज वाटते. त्यावर उपाय साधे आहेत. जागा शक्यतो घराऐवजी शाळा किंवा वाचनालयाची घ्यावी, निमंत्रणातच 'कोणीही यावे, मध्यंतरात जाता येईल' असे लिहावे, आणि दाराशी वहीजवळ एक बोलका सभासद बसवावा. पहिल्या दोन रांगा जुन्या जाणकारांसाठी राखून ठेवू नयेत. तेथे नव्यांना बसवावे, कारण जाणकारांना मागूनही ऐकू येते.

निवड कशी करावी

ज्या मंडळाकडे वर्षाला सहा कार्यक्रमांचे बळ आहे त्याने माझ्या मते चार बैठका ठेवाव्यात. प्रत्येकीच्या आरंभी कलाकाराचीच वीस मिनिटांची सप्रयोग ओळख असावी आणि चारपैकी निदान दोन सकाळच्या असाव्यात. पाचवा कार्यक्रम स्थानिक महाविद्यालयात केवळ सप्रयोग व्याख्यानाचा करावा. सहावा सभागृहात, सूत्रबद्ध, बंदिश आणि नाट्यपद यांना धरून असावा; तिकिटाचे उत्पन्न त्यावर मिळते आणि ते बैठकांना पुरते. चित्रफिती या सहांच्या आधाराला ठेवाव्यात. महोत्सवाचा विचार ही घडी तीन-चार वर्षे बसल्यावर करावा, आणि फ्यूजनसाठी मंडळाने स्वतः खर्च करू नये. ते करणारे दुसरे अनेक जण आहेत.

ज्यांना सभागृह फक्त संध्याकाळी मिळते, बैठकीजोगी जागाच नाही आणि सभासदही पसरलेले आहेत, त्यांच्यासाठी हे प्रमाण चालणार नाही. त्यांनी एकाच कलाकाराचा दोन तासांचा कार्यक्रम ठेवावा, ओळख मंचावरूनच करावी आणि उरलेल्या खुर्च्या विद्यार्थ्यांना मोफत द्याव्यात. ज्यांच्याकडे बळ दोनच कार्यक्रमांचे आहे त्यांनी दोन्ही बैठकाच कराव्यात, आणि त्या दरवर्षी त्याच महिन्यातल्या त्याच रविवारी कराव्यात. सवय लागते ती तारखेने. सत्कार, प्रास्ताविक आणि आभार या तिघांना मिळून दहा मिनिटे द्यावीत. आमच्या कार्यकारिणीत हा शेवटचा ठराव दोनदा फेटाळला गेला आणि तिसऱ्यांदा एका मताने मंजूर झाला.